वजन भरले, मेंदूचे काय?

पावसाळा सुरू झाला की जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची नावे बातम्यांत येऊ लागतात. तीव्र कुपोषित बालके किती, मध्यम कुपोषित किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती होती, यंदा किती दगावली. आढावा बैठका होतात, दौरे होतात आणि दिवाळीपर्यंत विषय मागे पडतो. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून हे चालू आहे. 2016 मध्ये मोखाड्यातील खोच गावच्या बालमृत्यूवरून पुन्हा राज्यभर गदारोळ झाला. तोवर जिल्हा बदलला होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. मोजण्याची रीत मात्र तीच राहिली. मेलेली मुले मोजायची आणि वजनाच्या पट्टीत न बसणारी मुले मोजायची.

या दोन्ही याद्यांच्या बाहेर एक तिसरा, फार मोठा गट आहे. तो म्हणजे कुपोषित होऊनही जगलेल्या मुलांचा. वावर-वांगणीच्या त्या वर्षी जी बालके वर्ष-दीड वर्षाची होती आणि वाचली, ती आज तिशी ओलांडलेली माणसे आहेत. त्यातल्या अनेकांची मुले आता अंगणवाडीत किंवा शाळेत असतील. उपासमारीच्या त्या महिन्यांत त्यांच्या मेंदूत काय घडायचे राहून गेले, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. ती ठेवायची असते हे फारसे कुणाच्या ध्यानातही आलेले नाही. मृत्यूचा आकडा कमी झाला तर ते चांगलेच, त्यात वाद नाही. पण कुपोषणाचा जो परिणाम मूल आयुष्यभर सोबत घेऊन फिरते तो मेंदूतला आहे, आणि त्यातला बराचसा ‘मायलिन’ नावाच्या एका आवरणाशी निगडित आहे.

मेंदूतील चेतापेशींना लांबच लांब शेपट्या असतात. त्यांना अक्षतंतू म्हणतात. एका पेशीचा संदेश दुसरीकडे जातो तो या तंतूंवरून. तंतू उघडा असेल तर संदेश सेकंदाला फार तर एक-दोन मीटर या गतीने सरकतो. त्याच्यावर मायलिनचे वेटोळे बसले की संदेश एका मोकळ्या खाचेतून पुढच्या खाचेत उड्या मारत जातो आणि वेग कित्येक पटींनी वाढतो. वेगाइतकाच वक्तशीरपणाही महत्त्वाचा. कानाने ऐकलेला शब्द, डोळ्याने पाहिलेली वस्तू आणि त्या वस्तूकडे जाणारा हात यांचे संदेश जिथे जुळायचे तिथे एकाच वेळी पोहोचावे लागतात. ते मागेपुढे पोहोचले तर मूल ऐकते, पाहते, पण त्याला सगळे जुळवायला वेळ लागतो.

हे आवरण जन्मतः तयार नसते. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात मज्जारज्जूपासून काम सुरू होते, मग मेंदूचा देठ. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्माच्या वेळी श्वास, चोखणे, गिळणे आणि ऐकण्याचा मार्ग यांपुरती बरीच तयारी झालेली असते. दृष्टीचे मार्ग पहिल्या काही महिन्यांत आवरण घेतात. लक्ष देणे, थांबणे, विचार करून वागणे ही कामे ज्या पुढच्या भागाची, त्याचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे एमआरआय चित्र या बाबतीत जवळजवळ मोठ्या माणसासारखे दिसते. पुढचे बारीक काम मात्र तिशीपर्यंत चालू राहते. सर्वाधिक काम होते ते पहिल्या दोन वर्षांत, आणि नेमकी हीच दोन वर्षे मोखाड्याच्या पाड्यांवर सर्वांत अवघड असतात.

मायलिन बनते कसे, हे समजायला पाड्यावरचे जुने घर डोळ्यांसमोर आणावे. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करायचा आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा चढवायचा. भिंतीत वजनाने जास्त असतो गिलावा, पण तो टिकतो कारवीच्या आधाराने. मायलिनमध्ये पाणी वगळले तर सत्तर-ऐंशी टक्के स्निग्ध पदार्थ असतात, उरलेली प्रथिने. ही प्रथिने म्हणजे कारवी. त्यातली दोन मुख्य. एक आहे पीएलपी. हे पेशीच्या पातळ पटलातून चार वेळा आरपार जाते आणि वेटोळ्यांचे थर बाहेरच्या बाजूने एकमेकांजवळ ठेवते. दुसरे एमबीपी. हे पटलाच्या आतल्या अंगाला चिकटून दोन्ही बाजू चेनसारख्या मिटवते, म्हणजे थर घट्ट बसतात. जन्मतः एमबीपी नसलेल्या उंदरांची एक जात प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे. हे उंदीर चालताना सतत थरथरतात.

हे आवरण घडवणाऱ्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. अशी एकेक पेशी आपले हातपाय पसरून अनेक तंतूंचे तुकडे गुंडाळते. कामाच्या ऐन भरात ती दिवसाला स्वतःच्या वजनाच्या तिप्पट पटल तयार करते, असा प्राण्यांवरील अभ्यासांतून काढलेला हिशोब आहे. शरीरात एवढी राबणारी पेशी क्वचितच सापडेल. शिवाय या पेशीत प्रथिनांची जनुके एकदम नव्हे, ठरलेल्या क्रमाने जागी होतात. पीएलपीच्या जनुकातून आधी एक आखूड प्रथिन निघते, पूर्ण लांबीचे नंतर जोर धरते. एमओजी नावाचे प्रथिन, जे अगदी बाहेरच्या थरावर बसते, ते शेवटी येते. ते दिसले की पेशी पक्व झाली असे समजतात. कूड उभा राहायच्या आधी गिलावा करता येत नाही, तसेच हे.

यात मापही नेमके लागते. पेलिझिअस-मेर्झबाकर नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात पीएलपीचे जनुक बिघडलेले असते आणि मुलाच्या मेंदूत मायलिन नीट बनत नाही. डोळे सतत हलतात, मान धरत नाही. गंमत अशी, की या आजाराचे सर्वांत जास्त आढळणारे कारण प्रथिनाचा अभाव हे नसून जनुकाची दुहेरी प्रत हे आहे, म्हणजे प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनणे. ही यंत्रणा किती काटेकोर आहे ते यावरून कळावे. मोखाड्याच्या मुलांना हा आजार नाही. त्यांची जनुके शाबूत आहेत. अडचण आहे ती जनुकांनी हुकूम सोडल्यावर माल आणि इंधन वेळेवर न मिळण्याची.

हे अनुमान नवे नाही. ब्रिटनमधील जॉन डॉबिंग यांनी 1960च्या दशकातच मांडले होते की मेंदूच्या झपाट्याच्या वाढीच्या काळातली उपासमार इतर काळातल्या उपासमारीपेक्षा वेगळी असते. 1969 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कुपोषणाने मृत्यू पावलेल्या अर्भकांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या मेंदूंत स्निग्ध पदार्थांचे प्रमाण कमी होते. उंदरांवरील प्रयोगांत भुकेची वेळ बदलली की नुकसानही बदलते, असे दिसले. फार लवकर भूक आली तर पेशींची संख्याच कमी राहते. थोडी उशिरा आली तर पेशी असतात, पण त्या आवरण पातळ घालतात. दुसऱ्या प्रकारात, खाणे वेळेत मिळाले तर भरपाईला बराच वाव असतो. ‘वेळेत’ हा शब्द इथे महत्त्वाचा.

माल म्हणजे नुसते उष्मांक नव्हेत. या साखळीत सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे लोह. मेंदूतल्या पेशींत सर्वाधिक लोह असते ते याच ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत, कारण स्निग्ध पदार्थ बनवणारी आणि ऊर्जा पुरवणारी त्यांची यंत्रणा लोहावर चालते. गर्भात आणि दूधपित्या वयात लोह कमी मिळालेल्या उंदरांत एमबीपीसारखी प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही कमी भरतात. माणसाच्या बाळाचा मेंदू उघडून पाहता येत नाही, पण संदेशाचा वेग मोजता येतो. चिलीतील संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांच्या कानात आवाज सोडून मेंदूच्या देठापर्यंत संदेश किती वेळात जातो ते मोजले. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या बाळांत तो उशिरा पोहोचत होता. त्यांना लोह दिले, रक्तक्षय बरा झाला. चार वर्षांच्या सुमारास पुन्हा मोजले तरी फरक कायम होता. हिमोग्लोबिन वर आले, वेग आला नाही.

आता महाराष्ट्राचे आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत, 2015-16 मध्ये, हे प्रमाण 53.8 टक्के होते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत ते 48 वरून 54.2 टक्क्यांवर गेले. हा संपूर्ण राज्याचा, मुंबई-पुण्यासकट काढलेला आकडा आहे. वजनाच्या आकड्यावरून विधानसभेत गोंधळ होतो. या आकड्यावरून झाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते आणि पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडेच असते. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर साठा दोन-तीन महिन्यांतच संपतो. त्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळात मायलिन घडवणाऱ्या पेशी अजून कोवळ्या अवस्थेत असतात. प्राणवायूची कमतरता आणि जंतुसंसर्ग त्यांना सहज मारतो. कमी वयात लग्न झालेली, स्वतःच रक्तक्षय असलेली आई, दोन बाळंतपणांत कमी अंतर, कमी वजनाचे बाळ, ही साखळी जव्हार-मोखाड्यातल्या परिचारिकांना आणि आशांना पाठ आहे.

याला इथल्या वर्षाचा क्रम जोडून पाहावा लागतो. ज्येष्ठ-आषाढात घरातली नागली, वरई, भात संपत आलेले असतात आणि आवणीचे काम सर्वांत जोरात असते. आई दिवसभर चिखलात, बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर. दूध पाजण्याच्या वेळा चुकतात, पाण्यामुळे जुलाब सुरू होतात. दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे निघतात, ती होळीच्या सुमारास परततात. या मधल्या महिन्यांत बाळ एका अंगणवाडीच्या यादीत ‘स्थलांतरित’ असते आणि दुसऱ्या अंगणवाडीच्या यादीत बहुधा नसतेच. मग उन्हाळ्यात विहिरी आटतात. ज्या तालुक्यात मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण आहे, तिथे बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. कुठल्याही महिन्यात जन्मलेले मूल सहा ते अठरा महिने या वयात एक पावसाळा आणि एक स्थलांतर ओलांडतेच. त्यातून सुटका नाही. म्हणून इथे कुपोषण हा हंगामी प्रश्न आहे, असे म्हणणे अर्धेच खरे. हंगाम दरवर्षी येतो आणि जातो. एका मुलाच्या मेंदूचा हा हंगाम एकदाच येतो.

सरकारी उपाय नाहीत असे नाही. एकात्मिक बालविकास योजना 1975 पासून आहे. नोव्हेंबर 2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण आणि नंतर लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्यास सुरुवात झाली. सगळ्या योजनांत ही कदाचित सर्वांत शहाणपणाची, कारण ती पाकीट न देता ताट देते आणि आईपासून सुरू होते. घरपोच पाकिटे घरातल्या सगळ्यांत वाटली जातात, कधी कोंबड्यांपुढेही जातात, हे गावात कुणालाही विचारावे. अंड्याबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. मायलिनमध्ये कोलेस्टेरॉल भरपूर असते म्हणून अंड्यातले कोलेस्टेरॉल मेंदूला जाते असे काही जण सांगतात. तसे नाही. आहारातले कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचे कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. अंड्याचा उपयोग आहे तो उत्तम प्रथिने, कोलीन आणि बी-12 यांसाठी. बी-12चे महत्त्व बालरोगतज्ज्ञ चांगले ओळखतात. आईच्या अंगात ते नसेल तर बाळ गुबगुबीत दिसते, पण फिकट पडते, हसायचे थांबते, शिकलेले विसरते आणि थरथरू लागते. अशा बाळांच्या एमआरआयमध्ये मायलिन मागे पडलेले दिसू शकते. गुबगुबीत असल्यामुळे वजनकाट्यावर हे बाळ पास होते.

साध्या तांदळाने पोट भरते, पण त्यात लोह नगण्य. नागलीत लोह आहे, पण तिच्यातील फायटेट ते आतड्यात शोषू देत नाही. मोड आणून, दळून सत्त्व केले तर शोषण सुधारते. पावसाळ्यातल्या रानभाज्या, ओढ्यातले खेकडे आणि बारीक मासे हे इथले जुने खाणे या दृष्टीने तांदूळ-डाळीपेक्षा सरस आहे. गरोदरपणात आणि बाळाला सहा महिन्यांनंतर त्यातले काय द्यायचे आणि कसे मऊ करून द्यायचे, यावर आहार सल्ल्यात भर हवा. तक्त्यावर सफरचंदाचे चित्र छापून तो हेतू साधत नाही.

मूळ प्रश्न मोजपट्टीचा आहे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला तर मूल तीव्र कुपोषित, साडेबाराच्या वर आले की यादीतून बाहेर. पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवड्यांच्या आसपास उपचार होतात, वजन वाढते, मूल घरी जाते. मृत्यू टाळण्यासाठी ही पट्टी योग्य आहे, कारण ती त्यासाठीच बनवली आहे. मेंदूची भरपाई झाली की नाही हे ती सांगू शकत नाही. मोखाड्यात प्रत्येक मुलाचा एमआरआय करा, असे कुणी म्हणणार नाही. पण डोक्याचा घेर, हिमोग्लोबिन आणि वयानुसार मूल काय काय करते यांच्या नोंदी यांना टेपपट्टी, रक्ताचा थेंब आणि दहा मिनिटे लागतात. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले असतात. बहुतेक कार्डांवर ती पाने कोरी सापडतील. बैठकीत वजनाचा आकडा विचारला जातो, म्हणून तोच भरला जातो.

खाण्याच्या बरोबरीने मुलाशी बोलणे आणि खेळणे हाही उपचार आहे, आणि तो भावनिक सल्ला म्हणून सांगितलेला नाही. ज्या तंतूवरून संदेश वारंवार जातात त्याच्यावर आवरण चांगले चढते, हे प्राण्यांत दिसले आहे. कोवळ्या वयात एकटे ठेवलेल्या उंदरांत मेंदूच्या पुढच्या भागातले मायलिन पातळ राहते. माणसांतला मोठा पुरावा जमैकातला आहे. किंग्स्टनमधील नऊ ते चोवीस महिने वयाच्या 129 खुंटलेल्या मुलांचे गट केले. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर आरोग्य सेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवणार, काहींना दोन्ही, काहींना यातले काही नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ-गप्पांचा लाभ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा 25 टक्के जास्त होती. हा लाभ मायलिनमुळेच झाला असा दावा कुणी करत नाही, पण दुसऱ्या वर्षीही मेंदूला हात देता येतो एवढे त्यातून नक्की कळते. शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा केंद्राचा आराखडा 2024 मध्ये आला आहे. तो पाड्यावर वारली, कोकणा, कातकरी बोलीत उतरवावा लागेल. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणारे मूल मंद नसते. त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

इथे एक धोकाही आहे. असे संशोधन वाचून ‘या मुलांचे मेंदूच कच्चे’ असा शिक्का मारणारे लोक निघतात, आणि शिकवायचे नसलेल्यांना ते सोयीचे पडते. संशोधनातले फरक गटांच्या सरासरीतले आहेत, कुणा एका मुलाचे भविष्य त्यातून वाचता येत नाही. ऑक्सफर्डमध्ये 2009 मध्ये प्रौढांना चेंडू झेलण्याचा खेळ सहा आठवडे शिकवला, तर त्यांच्या मेंदूतील तंतूंच्या जाळ्यात बदल दिसला. दार बंद होत नाही, फक्त जड होत जाते. वावर-वांगणीच्या वेळी वाचलेल्यांतून शिक्षक, परिचारिका, चालक झालेले लोक असतीलच. ती त्यांची कमाई. त्यावरून व्यवस्थेला सूट मिळत नाही.

काही उपायांना तर पैसाही लागत नाही. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न बांधता किमान एक मिनिट थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्यात वारेतले बरेच रक्त, म्हणजेच लोह, बाळात उतरते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नाळ पाच मिनिटांनी बांधलेल्या बाळांत चौथ्या महिन्यात लोहाचा साठा जास्त होता आणि एमआरआयमध्ये काही भागांत मायलिनही जास्त होते. बाळ रडत असेल, आई ठीक असेल, तर ग्रामीण रुग्णालयापासून उपकेंद्रापर्यंत कुठेही हे करता येते. घाई सोडावी लागते, एवढेच.

दुसरा उपाय लोहाच्या सिरपचा. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांवरील मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर द्यायचे असते. कमी वजनाच्या बाळाला लोह दुसऱ्या महिन्यापासून, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाला आणि केंद्रात नुकत्याच दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलाला ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊ नये. बाटली पन्नास मिलिलिटरची असते. आठवड्याला दोन मात्रा धरल्या तर ती पंचवीस आठवडे चालते, आणि दिवाळी ते होळी हे अंतर साधारण अठरा-वीस आठवड्यांचे. म्हणजे कुटुंब भट्टीवर निघण्याच्या आदल्या आठवड्यात आशाने बाटली हातात दिली, वार ठरवून दिले, बुधवार आणि शनिवार समजा, आणि झाकणाजवळचे माप आईकडून एकदा करून घेतले, तर बाळ परत पाड्यावर येईपर्यंत औषध पुरते, वर पाच-सात आठवड्यांचे उरते.